अर्ध्या तासाने अडखळणारा गेम आणि मदरबोर्डाची निवड

उन्हाळा सुरू झाला की माझ्याकडे दरवर्षी एकच तक्रार वेगवेगळ्या घरांतून येते. संगणक नवा असतो, ग्राफिक्स कार्ड चांगले असते आणि गेम सुरुवातीला अगदी सुरळीत चालतो; पण वीस-पंचवीस मिनिटे झाली की चित्र अडखळू लागते, दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, संख्या शंभरावरून पंचवीस-तिसांवर घसरते, अर्ध्या-एक मिनिटाने सगळे पूर्ववत होते आणि मग हेच चक्र गेम बंद करेपर्यंत चालू राहते. संगणक बंद करून तासाभराने पुन्हा लावला तर पहिली वीस मिनिटे पुन्हा चांगली जातात. तक्रार घेऊन येणाऱ्याचा संशय बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डावर असतो, क्वचित एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर, असतो, मदरबोर्डावर मात्र जवळजवळ कधीच नसतो. कोल्हापुरात संगणक जुळवून देण्याचे आणि दुरुस्तीचे काम करताना अशा ज्या संगणकांचे मोजमाप मी स्वतः घेतले, त्यांतील बहुतेकांत कारण मदरबोर्डापाशीच सापडले. त्यांतला एकही बोर्ड बिघडलेला नव्हता. त्या प्रोसेसरसोबत तो घ्यायलाच नको होता, एवढीच चूक होती, आणि ती खरेदीच्या दिवशीच झालेली होती.

माझ्या भाच्याच्या संगणकाची हकिगत येथे सविस्तर सांगतो, कारण त्याच्या मोजमापासाठी मी सर्वांत जास्त वेळ बसलो. तो शिवाजी पेठेत राहतो. त्याची खोली वरच्या मजल्यावर आहे, डोक्यावर स्लॅब आणि पश्चिमेला खिडकी. एप्रिलमध्ये दुपारी पारा ३७-३८ अंशांवर गेला की ती खोली रात्री नऊपर्यंत तापलेलीच असते. त्याने इंटेलचा आय७-१२७००एफ हा प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ३०६० कार्ड आणि एच६१० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावर कोणत्या सुविधा मिळतील ते ठरवणारा चिप) दुकानात मिळालेला सर्वांत स्वस्त बोर्ड असा संच घेतला होता. पैसे ठरलेले होते. प्रोसेसर एक पायरी वरचा हवा म्हणून तो फरक बोर्डातून भरून काढला गेला. अशी काटछाट मी अनेक कोटेशनांत पाहिली आहे, कारण बोर्डाने फ्रेम वाढत नाहीत हे सर्वांना ठाऊक असते आणि कमी दर्जाच्या बोर्डाने त्या कमी होतात हे फारसे कोणी सांगत नाही.

अडखळणे सुरू झाल्यावर त्याने आधी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर काढून नव्याने टाकला, मग विंडोज नव्याने टाकले, मग मित्राचा ६५० वॅटचा एसएमपीएस आणून लावून पाहिला. यांपैकी कशानेही फरक पडला नाही. प्रोसेसरचे तापमान ९० अंशांच्या पुढे जात असल्याचे दिसले, तेव्हा त्याने बॉक्समधला पंखा काढून २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर बसवला. चार दिवसांनी त्याचा फोन आला. "मामा, कूलर बदलला तरी परत तसंच झालं बघा. आधी अर्ध्या तासानं अडकायचं, आता पंधरा मिनिटांतच अडकायला लागलंय."

या एका वाक्याने मला दिशा मिळाली. कूलर चांगला लावल्यावर त्रास कमी व्हायला हवा होता. तो वाढला, याचा अर्थ तापणारी वस्तू प्रोसेसर नव्हती आणि जुना पंखा जाता जाता त्या दुसऱ्या वस्तूलाही वारा घालत होता.

त्या रविवारी मी उद्यमनगरातल्या एका स्नेह्यांकडून इन्फ्रारेड तापमापक घेऊन गेलो. यंत्रांच्या बेअरिंगचे तापमान लांबून पाहण्यासाठी कारखान्यांत ही बंदुकीसारखी वस्तू सर्रास वापरतात. कॅबिनेटची काचेची बाजू काढली, एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम केवळ सेन्सर दाखवण्याच्या पद्धतीत चालू केला आणि भाच्याला नेहमीसारखे खेळायला सांगितले. तो गेम खेळता खेळता त्याचे रेकॉर्डिंगही करत असे आणि ते रेकॉर्डिंग प्रोसेसरवर होत असल्यामुळे प्रोसेसर ११० ते १२५ वॅट घेत होता. प्रोसेसरचे तापमान ६१ अंशांवर स्थिर होते, ग्राफिक्स कार्डाचे ७०च्या आसपास होते. प्रोसेसर कूलरच्या डावीकडे, मागच्या जोडण्यांच्या लगत, चौकोनी राखाडी कॉइलची एक उभी रांग असते आणि तिच्या शेजारी काळ्या रंगाचे छोटे चपटे चिप असतात. या बोर्डावर त्या चिपांवर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा तुकडा, नव्हताच. तापमापकाचा लाल ठिपका तिथे धरला. पाच मिनिटांनी आकडा ८४ होता, दहा मिनिटांनी ९७, चौदाव्या मिनिटाला १०८. त्याच क्षणी प्रोसेसरचा वेग साडेचार गिगाहर्ट्झवरून एकदम ०.८ गिगाहर्ट्झवर पडला आणि भाचा म्हणाला, "हे बघा, आलं." चाळीस सेकंदांत आकडा ९५पर्यंत उतरला, वेग परत चढला आणि फेरा पुन्हा सुरू झाला. एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'व्हीआर थर्मल अलर्ट' या ओळीसमोर 'नो'च्या जागी 'येस' आले होते.

आता या चिपांचे काम काय, ते पाहू. एसएमपीएसकडून प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा पुरवठा येतो, पण प्रोसेसरला लागतात साधारण १.१ ते १.३ व्होल्ट. हे रूपांतर बोर्डावरील व्हीआरएम, म्हणजे व्होल्टेज उतरवून स्थिर राखणारा भाग, करतो. १२० वॅटची शक्ती १.२ व्होल्टवर द्यायची तर प्रवाह १०० अँपिअर लागतो. रूपांतरात दहा टक्के वाया गेले असे धरले तरी १३ वॅटच्या आसपास उष्णता त्या मोजक्या चिपांत आणि कॉइलींत निर्माण होते. दुरुस्तीवाले नेहमी वापरतात त्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या ही निम्मी उष्णता आहे, आणि ती नखाएवढ्या जागांतून बाहेर पडायची आहे. हा १०० अँपिअरचा भार फेजांमध्ये, म्हणजे शेजारी शेजारी एकच काम करणाऱ्या चिप-कॉइलच्या संचांमध्ये, वाटला जातो. पाच फेज असतील तर प्रत्येकीवर २० अँपिअर येतात, दहा असतील तर दहा. रोधामुळे होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने फेज दुप्पट केल्या की प्रत्येकीची ही उष्णता चौथाईवर येते आणि सगळ्यांची मिळून निम्मी होते. महागड्या बोर्डावर फेज जास्त आणि चिप उत्तम प्रतीचे असतात, शिवाय त्यांवर ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक असतो.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पंचगंगेवर पाच अश्वशक्तीची मोटार बसवली आणि लांबवर केबल मात्र बारीक ओढली, तर मोटार चांगल्या कंपनीची असूनही जोर धरत नाही आणि केबल हाताला गरम लागते. मोटार बदलून तिथे काही उपयोग होत नाही.

व्हीआरएम ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की त्याचा नियंत्रक प्रोसेसरला इशारा देतो आणि प्रोसेसर स्वतःचा वेग एकदम उतरवून भार कमी करतो. ही सुरक्षेची योजना आहे, तिला बिघाड म्हणता येणार नाही. म्हणूनच वॉरंटीत बोर्ड पाठवला तर 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून तो परत येतो. बॉक्समधला पंखा वरून खाली वारा मारतो आणि तो वारा प्रोसेसरवरून पसरून शेजारच्या व्हीआरएमवर जातो. लिक्विड कूलर बसवला की प्रोसेसरची उष्णता नळीतून कॅबिनेटच्या टोकाला जाते आणि व्हीआरएमजवळची हवा निश्चल होते. उभा टॉवर कूलर वारा आडवा फेकतो, त्यामुळे त्यातही थोडेफार असेच होते. भाच्याच्या फोनमधील कोडे असे सुटले.

आपल्या संगणकात हेच होते आहे का, हे तापमापकाशिवायही तपासता येते, आणि पैसे खर्च करण्यापूर्वी ते तपासावेच. सर्वांत सोपी परीक्षा विंडोजमध्येच आहे. कंट्रोल पॅनलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन चालू प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १००ऐवजी ९९ टक्के करावी. एवढ्या एका टक्क्याने प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे गरजेनुसार वाढवलेला, वेग बंद होतो आणि तो मूळ वेगाच्या आसपास चालतो. भाच्याच्या प्रोसेसरचा मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ आहे. गेमच्या एकूण फ्रेम थोड्या कमी होतील, पण तासभर एकदाही अडखळणे आले नाही, तर संशय प्रोसेसर आणि त्याच्या पुरवठ्यावर येऊन थांबतो आणि ग्राफिक्स कार्ड सुटते. दुसरी परीक्षा याहून स्पष्ट आहे. टक्केवारी परत १०० करावी, कॅबिनेटची बाजू उघडावी आणि घरातला टेबल फॅन थेट मदरबोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर लावावा. प्रोसेसरचे तापमान आधीच मर्यादेत असताना केवळ या वाऱ्याने त्रास नाहीसा झाला, तर कारण व्हीआरएमच आहे असे मी मानतो. भाच्याच्या खोलीत टेबल फॅन लावल्यावर तो आकडा ८१च्या वर गेला नाही आणि दीड तास गेम एकदाही अडला नाही.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये इंटेलच्या प्रोसेसरसाठी 'परफॉर्मन्स लिमिट रीझन्स' या विभागात 'व्हीआर थर्मल अलर्ट' ही ओळ असते आणि एएमडीसाठी 'थर्मल थ्रॉटलिंग, प्रोचॉट एक्स्ट' अशी ओळ असते. प्रोसेसर थंड असताना या ओळींत 'येस' दिसले, तर इशारा प्रोसेसरच्या बाहेरून आलेला असतो. काही बोर्डांवर 'व्हीआरएम एमओएस' असे तापमान थेटही दिसते, परंतु ज्या स्वस्त बोर्डांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्यांवर नेमका हा सेन्सर दिसत नाही.

अडखळण्याची इतर कारणेही आहेत आणि प्रामाणिक निदानासाठी ती आधी बाजूला काढली पाहिजेत. त्रास वेळेशी बांधलेला आहे का, हे प्रथम पाहावे. पहिल्या मिनिटापासून अडखळत असेल तर उष्णतेचा संबंध कमी आणि रॅमचा अधिक. सोळा जीबीची एकच रॅम लावलेले संगणक मी वारंवार पाहतो. एका चॅनेलवर चालणाऱ्या रॅमची वहनक्षमता निम्मी राहते आणि ते गेममध्ये लगेच जाणवते. दोन रॅम असल्या तरी चार खाच्यांच्या बोर्डावर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाच्यात असाव्यात आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये, एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग चालू असावी. ती चालू केली नाही तर डीडीआर५ रॅम पाकिटावर ६००० लिहिलेले असूनही ४८००च्या आसपास चालते. रायझन प्रोसेसरच्या जुन्या संगणकात अधूनमधून क्षणभर, अगदी डेस्कटॉपवरही, अडखळणे येत असेल तर त्याचे कारण एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधील सुरक्षेची एक सोय, असू शकते. विंडोज ११साठी ते चालू करावे लागत होते आणि त्यातून येणारे हे अडखळणे एएमडीने २०२२मध्ये मान्य केले, एजीसा (बायोसमधील एएमडीचा भाग) १.२.०.७ आणि त्यापुढील आवृत्ती असलेला बायोस टाकल्यावर ते जाते. अशा वेळी नवा बोर्ड घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. एसएसडी फार तापली तरी नवे दृश्य येताना खेळ अडतो, पण त्या वेळी प्रोसेसरचा वेग पडत नाही, हा फरक पडद्यावर दिसतो.

निदान व्हीआरएमचे निघाले तरी बोर्ड लगेच बदलावा असे मी सांगत नाही. १२७००एफ या प्रोसेसरची मूळ शक्ती ६५ वॅट आणि टर्बोची मर्यादा १८० वॅट आहे. अनेक बोर्ड ही टर्बोची मर्यादा कितीही वेळ चालू देतात आणि हीटसिंक नसलेला व्हीआरएम तो भार पेलू शकत नाही. बायोसमध्ये पीएल१ आणि पीएल२ असे दोन आकडे असतात. त्यांपैकी पीएल१ म्हणजे सतत घेण्याची शक्ती आणि पीएल२ म्हणजे थोड्या वेळापुरती घेण्याची. भाच्याच्या बोर्डावर मी हे आकडे ७५ आणि १०० वॅट केले. गेममध्ये सर्व कोअर क्वचितच पूर्ण भाराने चालतात, त्यामुळे सरासरी फ्रेम फारशा कमी झाल्या नाहीत, आणि अडखळणे गेल्यामुळे खेळण्याचा अनुभव कितीतरी सुधारला. दुसरा बदल तितकाच परिणामकारक ठरला: रेकॉर्डिंगचे काम प्रोसेसरकडून काढून ग्राफिक्स कार्डातील एन्कोडरला दिले. त्या कामासाठी कार्डात स्वतंत्र भाग असतो, आणि तो बदल करताच प्रोसेसरचा भार ३० वॅटहून अधिक उतरला. तिसरे म्हणजे कॅबिनेटच्या मागे हवा बाहेर फेकणारा पंखा असलाच पाहिजे. पुढे तीन रंगीत पंखे काचेआड लावलेले असतात आणि मागची जागा रिकामी असते, अशी कॅबिनेट पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण व्हीआरएमच्या सर्वांत जवळचा पंखा तोच असतो.

चिकटपट्टीवर लावायचे छोटे हीटसिंक बाजारात मिळतात. त्यांचा उपयोग होतो, पण उन्हाळ्यात पट्टी सैल होऊन धातूचा तुकडा ग्राफिक्स कार्डावर पडण्याचा धोका असतो. मी ते दुसऱ्याच्या संगणकात लावत नाही.

एवढे करूनही मे महिन्यात भाच्याचा संगणक अगदी काठावर चालत होता आणि प्रोसेसरची ऐपत असूनही ती बांधून ठेवावी लागत होती. म्हणून आम्ही बोर्ड बदलला. राजारामपुरीतल्या दोन-तीन दुकानांत बसून बोर्ड पाहताना ज्या गोष्टी तपासल्या, त्या नवा संगणक घेणाऱ्यालाही उपयोगी पडतील.

दुकानात पहिला प्रश्न चिपसेटचा निघतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. चिपसेटचे नाव सुविधा सांगते, पुरवठ्याची ताकद सांगत नाही. एच६१०मध्ये रॅमचा वेग वाढवता येत नाही, रॅमच्या खाचा दोनच असतात आणि एम.२ एसएसडीला पीसीआयई या जोडणीच्या ३.० या जुन्या आवृत्तीचाच वेग मिळतो. बी६६० आणि बी७६०मध्ये रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. त्यासाठी झेड मालिका लागते. पण बी७६० हे नाव असलेला एक बोर्ड हीटसिंकशिवायचा असू शकतो आणि दुसऱ्यावर भक्कम हीटसिंक असू शकतो, आणि दोघांच्या खोक्यावर अक्षरे तीच असतात. म्हणून खोके उघडून किंवा निर्मात्याच्या संकेतस्थळावर छायाचित्र पाहून व्हीआरएमच्या दोन्ही बाजूंना हीटसिंक आहे का, तो स्क्रूने कसलेला आहे का, हे पाहावे. जाहिरातीतील फेजांच्या संख्येवर मी पूर्ण विसंबत नाही, कारण एकाच फेजमध्ये दोन चिप जोडून ती संख्या दुप्पट छापता येते. 'डीआरएमओएस' (व्हीआरएमचे सुटे चिप एकत्र केलेला चिप) असा स्पष्ट उल्लेख असेल तर तो बोर्ड बहुधा बऱ्या प्रतीचा असतो.

बोर्डाची ताकद प्रोसेसरच्या खऱ्या वॅटशी जुळवावी. आय५-१२४००एफची टर्बो मर्यादा ११७ वॅट आहे, आय५-१३४००एफची १४८, तर आय५-१४६००केची १८१. खोक्यावर पहिल्या दोघांना ६५ आणि तिसऱ्याला १२५ हा मूळ आकडा असतो आणि ग्राहक तोच धरून चालतो. एएमडीच्या रायझन ५ ७६००ला ६५ वॅट लिहिलेले असते आणि तो ८८ वॅटपर्यंत घेतो; ७६००एक्सला १०५ लिहिलेले असते आणि तो १४२पर्यंत जातो. मध्यम अंदाजपत्रकात शेवटी एक्स किंवा के नसलेला प्रोसेसर घ्यावा आणि वाचलेले पैसे बोर्डात घालावेत, असे माझे ठाम मत आहे. आमच्या खरेदीत जुन्या आणि नव्या बोर्डातला फरक साडेचार हजारांच्या आसपास होता. भाच्याने लिक्विड कूलरवर याहून जास्त खर्च केला होता.

सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचा, विचार पुढच्या चार वर्षांसाठी करावा. इंटेलचा एलजीए १७०० हा २०२१मध्ये आलेला सॉकेट चौदाव्या पिढीवर थांबला आणि ऑक्टोबर २०२४मध्ये एलजीए १८५१ आला. एएमडीचा एएम५ २०२२मध्ये आला आणि २०२७ व त्यापुढेही त्याला नवे प्रोसेसर मिळतील असे एएमडीने जाहीर केले आहे. त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एएम५ सुचवतो. त्यात डीडीआर५ रॅमच चालते, हा खर्च धरावा. एलजीए १७००चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, पण एका बोर्डावर सामान्यतः एकच प्रकार चालतो. जुनी रॅम वापरायची असेल तर बोर्डाच्या नावात 'डी४' किंवा 'डीडीआर४' आहे का ते पाहावे. एएम५मध्ये ए६२० हा चिपसेट मुख्यतः ६५ वॅटच्या वर्गासाठी आहे आणि त्या वर्गात तो ठीक काम देतो. २०२५मध्ये आलेल्या बी८४० या नावाने मात्र फसू नये. नावात बी आणि मोठा आकडा असला तरी त्यात प्रोसेसरचा वेग वाढवण्याची सोय (ओव्हरक्लॉकिंग) नाही आणि चिपसेटच्या माहिती नेण्याच्या वाटा पीसीआयई ३.०च्याच आहेत, २०२२चा बी६५० त्यापेक्षा सरस आहे.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत बोर्डाची पीसीआयई आवृत्ती मध्यम दर्जाच्या कार्डांनाच जास्त नडते, हे अनेकांना उलटे वाटते. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ही कार्डे सोळाऐवजी आठच वाटा वापरतात. बी४५० किंवा ए५२० बोर्डावर त्या ३.० आवृत्तीने चालतात, तर बी५५०वर ४.०ने. आठ वाटांच्या कार्डांना होणारे नुकसान सहसा थोडे असते, पण चारच वाटांच्या आरएक्स ६५०० एक्सटीला ते चांगलेच जाणवते. एएम४ या एएमडीच्या आधीच्या सॉकेटचा जुना बोर्ड ठेवून असे कार्ड टाकणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

बोर्ड नवा लावला आणि डिस्प्लेच आला नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार आहे. यातही निवडीचाच भाग मोठा असतो. दुकानात पडून असलेल्या बोर्डात जुना बायोस असतो आणि त्याला नंतर आलेला प्रोसेसर ओळखता येत नाही. बी६६० किंवा एच६१०मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर, आणि बी६५०मध्ये ऑगस्ट २०२४पासून आलेली रायझन ९००० मालिका, या जोड्यांत हा प्रसंग येतो. बायोस फ्लॅशबॅकचे बटण असलेला बोर्ड घेतला तर फॅट३२ केलेल्या पेन ड्राइव्हवरून, प्रोसेसर न लावताही, बायोस नवा करता येतो. या बटणासाठी काही शे रुपये जास्त द्यावे लागले तरी द्यावेत. ते नसेल तर बिल करण्यापूर्वी दुकानदाराकडूनच बायोस नवा करून घ्यावा आणि चालू डिस्प्ले डोळ्यांनी पाहावा. डीडीआर५ असलेल्या बोर्डावर पहिल्यांदा चालू करताना रॅमची जुळणी व्हायला काही मिनिटे लागू शकतात. त्या वेळेत घाबरून बटण दाबून बंद करू नये. तसेच एफ अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसते, त्यामुळे केबल बोर्डाच्या जोडणीत लावली तर काहीच दिसणार नाही, ती कार्डातच लावावी. रात्री दहा वाजता मोटारसायकलवरून जाऊन केवळ ही केबल बदलून आलो आहे, असे एकापेक्षा अधिक वेळा झाले आहे.

पक्के बिल आणि त्यावर बोर्डाचा अनुक्रमांक घ्यावा. बोर्डाला बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते. जुन्या वाड्यांतून राहणाऱ्यांनी आधी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नवा बोर्ड तिथे जोडूच नये.

भाच्याला आम्ही बी७६० चिपसेटचा, डीडीआर४चा, दोन्ही बाजूंना हीटसिंक असलेला बोर्ड घेतला. लिक्विड कूलर तोच ठेवला, मागचा पंखा नवा बसवला आणि पीएल१ १२५ वॅटपर्यंत वाढवला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, त्याच खोलीत, तोच गेम दोन तास चालवून मी पुन्हा तापमापक धरला, तेव्हा हीटसिंकवर ६८ आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला ७६ आकडा आला. एचडब्ल्यूइन्फोमधील ती ओळ शेवटपर्यंत 'नो'च राहिली. काढलेला एच६१० बोर्ड मी फेकू दिला नाही. त्यात आय३-१२१०० बसवला, ज्याची टर्बो मर्यादा ८९ वॅट आहे आणि अंगचे ग्राफिक्सही आहे, आणि तो संगणक आता गांधीनगरमधल्या एका नातेवाइकांच्या कापड दुकानात सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत बिले करतो. दिवाळीच्या गर्दीतही त्यांचा एकदाही फोन आला नाही.